आरोग्यधन : थायरॉईड मंदावतो तेव्हा

सामायिकात बसल्यावर डोळा लागू लागला, तेव्हा तिला प्रथम स्वतःचीच लाज वाटली. वीस वर्षांचा नेम होता. माळ हातात असताना ४८ मिनिटे कशी सरत, हे पूर्वी कळतही नसे. आता दहाव्या मिनिटालाच मान खाली झुकू लागली. स्थानकात शेजारी बसणाऱ्या काकूंनी एकदा कोपराने हळूच जागे केले आणि हसून म्हटले, "वहिनी, प्रमाद वाढला हं तुमचा." बोलणे थट्टेतले होते, पण ते तिच्या मनात रुतून बसले.

घरीही तेच. जेवण पूर्वीपेक्षा कमी, तरी वजनाचा काटा तीन-चार किलोने पुढे सरकलेला. सासूबाई म्हणत, "तप कमी पडतंय गं, म्हणून अंग सुटतंय." वैशाखातही रात्री तिला पंखा नकोसा वाटे, त्यावरून यजमानांशी रोज कुरबूर होई. केस मुठीने गळत, टाचांना भेगा पडत, तीन-तीन दिवस पोट साफ होत नसे. मासिक पाळीत रक्तस्राव इतका वाढला की पूजेचे दिवस चुकू लागले. प्रतिक्रमणाचे पाठ, जे झोपेतही ओठांवर येत, ते मध्येच विसरू लागले. वर्षभर तिने शक्तिवर्धक औषधे घेतली, तेल बदलले, गव्हाऐवजी ज्वारी सुरू केली. शेवटी एका तरुण डॉक्टर मुलीने नाडी मोजली, सुजरे डोळे आणि कोरडी त्वचा पाहिली आणि एक साधी रक्ततपासणी लिहून दिली. टीएसएच नावाचा आकडा, जो साधारणतः चार-साडेचारच्या आत असावा, तो ३८ निघाला.

ही श्राविका एका गावची नव्हे, म्हणूनच तिला येथे नाव दिलेले नाही. थोड्याफार फरकाने ही हकीकत अनेक घरांत घडते. भारतातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉईडची मंदता आढळली. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती अधिक होती आणि बाधितांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांना आपल्याला हा विकार आहे याची कल्पनाही नव्हती. ज्याला घरात आळस म्हटले जाते, वय म्हटले जाते, कधी कर्माचा उदय म्हणून सोडून दिले जाते, त्यामागे पुष्कळदा गळ्यातील एक लहानशी ग्रंथी असते.

गळ्यातील फुलपाखरू

मराठीत या ग्रंथीला अवटू ग्रंथी असे नाव आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूस, स्वरयंत्राच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून ती बसलेली असते. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा, वजन अवघे १५ ते २५ ग्रॅम. थायरॉईड हे नाव ढालीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे.

अन्नातून येणारे आयोडीन रक्तातून ओढून घेणे आणि त्यापासून संप्रेरके तयार करणे, हे तिचे काम. यांतील मुख्य संप्रेरक म्हणजे थायरॉक्सिन. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ असेही म्हणतात. शरीराच्या पेशींमध्ये त्यातील एक अणू गळून टी-३ तयार होते आणि प्रत्यक्ष काम मुख्यतः तेच करते. हृदयाने किती वेगाने धडकावे, आतड्यांनी अन्न किती वेगाने पुढे ढकलावे, शरीराने उष्णता किती निर्माण करावी, यकृताने कोलेस्टेरॉलचा निचरा किती करावा, मेंदूने किती तत्परतेने विचार करावा, या साऱ्यांची गती या संप्रेरकांवर ठरते. चुलीतील आच कमी केली की भांड्यातील सगळेच पदार्थ सावकाश शिजतात. तसेच थायरॉईड मंदावला की शरीराचा एकही कोपरा त्यातून सुटत नाही.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की पीयूषिका टीएसएच नावाचे संप्रेरक अधिक सोडते. तो जणू कामात मागे पडलेल्या कारागिराला दिलेला तगादा असतो. म्हणूनच हा विकार असताना टीएसएचचा आकडा वाढतो. 'थायरॉईड वाढला' असे लोक सर्रास म्हणतात, त्यातून मोठा गैरसमज होतो. वाढलेला असतो तो तगादा. ग्रंथीचे काम कमी झालेले असते.

लक्षणे हळूहळू येतात

या विकाराचे कपट असे की तो एका रात्रीत येत नाही. थकवा, झोपाळूपणा, थंडी सहन न होणे, कोरडी त्वचा, केस गळणे, बद्धकोष्ठ, आवाज घोगरा होणे, चेहरा आणि पापण्या सुजऱ्या दिसणे, नाडी मंद होणे, स्नायू दुखणे, हातांना मुंग्या येणे, विसरभोळेपणा, उदासी : यांतील प्रत्येक गोष्टीला दुसरे कारण सहज सापडते. त्यामुळे मनुष्य एकेका लक्षणावर उपाय करीत राहतो आणि मूळ तसेच राहते.

वजनाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. थायरॉईडच्या मंदतेने वजन वाढते हे खरे, पण ती वाढ बहुधा काही किलोंचीच असते आणि तिचा बराच भाग शरीरात साठलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो. वीस-पंचवीस किलो वाढलेल्या वजनाचा सगळा दोष या ग्रंथीवर टाकता येत नाही. त्याचप्रमाणे थायरॉईडची गोळी हे वजन उतरवण्याचे औषध नव्हे. त्या हेतूने ती घेणाऱ्यांनी हृदयाची धडधड आणि हाडांची झीज विकत घेतल्याची उदाहरणे वैद्यकाला ठाऊक आहेत.

उपचार न झाल्यास हानी आतून होत राहते. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते, हृदयविकाराचा धोका वाढतो, रक्तक्षय होतो. तरुण स्त्रियांमध्ये पाळी बिघडते आणि गर्भधारणेस अडथळा येतो. ज्या उदासीला मनाचा दुबळेपणा समजून उपदेश केले जातात, तिचेही मूळ कधी कधी येथे असते. अतिशय दुर्लक्ष झालेल्या वृद्ध रुग्णांमध्ये, विशेषतः थंडीत किंवा एखाद्या संसर्गानंतर, शरीर गार पडून शुद्ध हरपण्याची प्राणघातक अवस्थाही येऊ शकते.

शाकाहारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता आपल्याकडे पुष्कळ आढळते आणि तिचीही लक्षणे थकवा, मुंग्या, विस्मरण हीच असतात. दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत असू शकतात. म्हणून एकाची तपासणी करताना दुसऱ्याचीही करून घेणे शहाणपणाचे ठरते.

कारण काय?

एके काळी या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने आयोडीनची कमतरता हेच होते. हिमालयाच्या पायथ्याशी गळ्याला मोठाली गाठ, म्हणजे गलगंड, असलेली माणसे गावोगावी दिसत. पावसाने आणि बर्फाने तिथल्या मातीतील आयोडीन धुऊन नेले होते. मातीत नाही म्हणून धान्यात नाही, धान्यात नाही म्हणून शरीरात नाही. १९५६ साली आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे विभाग पाडून काहींना आयोडीनयुक्त मीठ आणि एकाला साधे मीठ पुरवण्यात आले. काही वर्षांतच आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या विभागांत गलगंडाचे प्रमाण ठळकपणे उतरले. त्यानंतर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज दुकानातील खाण्याच्या मिठावर हसऱ्या सूर्याचे चिन्ह दिसते, त्यामागे हा इतिहास आहे.

आता शहरांत आणि बहुतेक गावांत आयोडीन पुरेसे पोहोचते, तरी रुग्ण कमी झाले नाहीत; कारण आज आढळणाऱ्या मंदतेचे प्रमुख कारण वेगळे आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती, जी परक्या जंतूंशी लढण्यासाठी असते, तीच चुकून स्वतःच्या थायरॉईडवर हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होते. जपानचे शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो घराण्यात चालतो. आईला असेल तर मुलीने, एका बहिणीला असेल तर दुसरीने तपासून घ्यावे. याखेरीज थायरॉईडची शस्त्रक्रिया, किरणोत्सारी आयोडीनचा उपचार, हृदयाची किंवा मनोविकाराची काही औषधे यांमुळेही ग्रंथी मंदावते. काही स्त्रियांना बाळंतपणानंतरच्या वर्षात तात्पुरता त्रास होतो. बाळाच्या जागरणांवर त्याचे खापर फोडले जाते आणि तो निसटतो.

सैंधव आणि साधे मीठ

व्रताच्या दिवसांत सैंधव वापरण्याची प्रथा अनेक घरांत आहे. अलीकडे मात्र ते 'नैसर्गिक' म्हणून वर्षभर वापरण्याची लाट आली आहे. सैंधवात आयोडीन नगण्य असते. मासे आणि अंडी आपल्या आहारात नाहीत, त्यामुळे आयोडीनसाठी आपला मुख्य आधार आयोडीनयुक्त मीठ आणि काही अंशी दूध-दही हाच आहे. ज्यांनी दुधाचाही त्याग केला आहे आणि स्वयंपाकही सैंधवात होतो, त्यांच्या घरात, विशेषतः गर्भवती स्त्रिया आणि वाढती मुले असताना, ही बाब गंभीर ठरते. प्रौढ व्यक्तीला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, तर गर्भवतीला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ही मात्रा सुईच्या टोकाएवढी असली तरी ती रोज लागते.

आयंबिलाच्या ओळीचे नऊ दिवस किंवा पर्युषणाचे आठ दिवस सैंधव खाल्ल्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही, कारण निरोगी ग्रंथीत काही आठवडे पुरेल इतका साठा असतो. व्रतापुरते सैंधव आणि रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ, हा मार्ग दोन्ही बाजू सांभाळतो. मीठ झाकणाच्या बरणीत, ओलाव्यापासून दूर ठेवावे.

याच्या उलट चूकही होते. हाशिमोतोच्या विकारात कमतरता आयोडीनची नसते, ग्रंथीच थकलेली असते. अशा वेळी आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्रवनस्पतींपासून केलेली चूर्णे घेतल्याने लाभ होत नाही, उलट विकार बळावू शकतो.

तपासणी

निदानासाठी टीएसएच आणि टी-४ या दोन तपासण्या बहुधा पुरतात. टीएसएच वाढलेला आणि टी-४ कमी झालेला असेल तर निदान पक्के. टीएसएच थोडा वाढलेला पण टी-४ अजून योग्य असेल तर ती सौम्य, छुपी मंदता समजावी. अशा प्रत्येकाला लगेच गोळी लागतेच असे नाही. टीएसएच १० च्या वर गेला, लक्षणे स्पष्ट असली, स्त्री गर्भवती असली किंवा होऊ इच्छित असली, तर डॉक्टर सहसा उपचार सुरू करतात. इतरांना काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. वयोवृद्धांमध्ये टीएसएच किंचित वाढणे स्वाभाविकही असते. केसांसाठी आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तपासणीपूर्वी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि तसे डॉक्टरांना सांगावे, कारण बायोटिनमुळे या तपासणीचे आकडे फसवे येऊ शकतात.

गोळी आणि अहिंसेचा प्रश्न

गोळी हातात येताच आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : ही कशापासून बनते? प्रश्न रास्त आहे, कारण या उपचाराचा आरंभ प्राण्यांपासूनच झाला. १८९१ साली इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका स्त्रीला बरे केले. पुढे कित्येक दशके प्राण्यांच्या ग्रंथींची वाळवलेली पूड औषध म्हणून दिली जाई. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे केले आणि १९२० च्या दशकात चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. आज आपल्याकडे डॉक्टर जी लेव्होथायरॉक्सिनची गोळी देतात, तिच्यातील मूळ औषध रासायनिक पद्धतीने बनवलेले असते, प्राण्यांच्या ग्रंथीतून काढलेले नसते. ती साधी गोळी असल्याने तिच्यावर कॅप्सूलचे जिलेटिनचे कवचही नसते. गोळी बांधण्यासाठी वापरलेल्या इतर घटकांविषयी शंका असल्यास ती औषधविक्रेत्याकडून विचारून घ्यावी. शंकेपोटी औषध बंद करू नये.

हे औषध शरीराला परके नाही. ग्रंथी जे बनवू शकत नाही, तेच बाहेरून पुरवले जाते. 'एकदा लागली की सवय लागते' ही भीती त्यामुळे निराधार आहे. चष्म्याची जशी सवय लागत नाही, गरज असते, तसेच हे आहे. मात्रा वजन, वय आणि हृदयाची स्थिती पाहून ठरते. वृद्धांना आणि हृदयरोग्यांना ती अगदी थोडी देऊन हळूहळू वाढवतात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहायचा, कारण त्याआधी आकडा स्थिरावत नाही. एका कंपनीची गोळी सोसली की शक्यतो तीच चालू ठेवावी. गोळ्या स्वयंपाकघरात, वाफेजवळ किंवा उन्हात ठेवू नयेत.

नवकारशी आणि सकाळची गोळी

ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये. चहा, दूध, कॉफी, सोयाबीनचे पदार्थ यांनी ती नीट शोषली जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, तसेच आम्लपित्तावरील काही औषधे तिच्यापासून चार तास दूर ठेवावीत.

पुष्कळ डॉक्टर 'पहाटे उठल्याबरोबर घ्या' असे सांगतात. ज्यांचा रात्री चौविहार आणि सकाळी नवकारशीचा नेम आहे, त्यांची येथे अडचण होते. कोणी नेम मोडल्याची खंत बाळगत गोळी घेतात, कोणी नवकारशी पारल्यावर चहाच्या घोटासोबत गोळी गिळतात आणि मग 'औषध लागू पडत नाही' अशी तक्रार करतात. वास्तविक येथे नेम आणि औषध यांत विरोध नाहीच. पहाट ही अट नसून रिकामे पोट ही अट आहे. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पारताना प्रथम उकळून थंड केलेल्या पाण्यासोबत गोळी घ्यावी. मग अर्ध्या-पाऊण तासाची एक माळ, वाचन किंवा देवदर्शन करावे आणि त्यानंतर चहा-नाश्ता घ्यावा. रात्रभर पोट रिकामेच असल्याने चौविहार करणाऱ्यांच्या बाबतीत गोळी उत्तम शोषली जाते. त्यांच्या संयमाचा औषधाला उपयोगच होतो.

एकासणे करणाऱ्यांनी बैठकीच्या आरंभी पाण्यासोबत गोळी घ्यावी आणि जमेल तितका वेळ थांबून भोजनास सुरुवात करावी. शोषण थोडे कमी झाले तरी रोज एकाच पद्धतीने घेतल्यास डॉक्टर टीएसएच पाहून मात्रा जुळवून देऊ शकतात. आज अशी, उद्या तशी, हे मात्र टाळावे.

तपस्या करताना

आता त्या श्राविकेची हकीकत पुढे नेऊ. गोळी सुरू झाल्यावर तीन महिन्यांत ती सावरली. सामायिक पुन्हा जागेपणी होऊ लागले. पर्युषण आले आणि तिने अठ्ठाईचे पच्चक्खाण घेतले. आठ दिवस गोळी बंद. काहीच त्रास झाला नाही. पारणे झाले, संघाने अनुमोदना केली, आणि तिला वाटले, तपाने रोगच गेला. गोळी पुन्हा सुरू झालीच नाही. दिवाळीपर्यंत पापण्या पुन्हा सुजल्या, आवाज जड झाला आणि ज्ञानपंचमीला ती पलंगावरून उठू शकली नाही.

येथे नेमके काय घडले ते समजून घेतले पाहिजे. थायरॉक्सिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे आठ दिवस गोळी चुकली तरी आधीच्या साठ्यावर शरीर चालत राहते आणि 'काही झाले नाही' असा भास होतो. खरा परिणाम तीन-चार आठवड्यांनी दिसू लागतो, आणि तोवर तप व गोळी यांचा संबंध विसरला गेलेला असतो. एक-दोन उपवासांत गोळी चुकली तर बहुतेक प्रौढांना धोका नसतो. मासखमणासारख्या दीर्घ तपात मात्र महिनाभरात शरीरातील औषध जवळपास संपते. वर्षीतपात दर एक दिवसाआड गोळी चुकली तर मात्रा अर्ध्यावर येते आणि ती तेरा महिने तशीच राहते.

म्हणून थायरॉईडच्या रुग्णाने दीर्घ तपापूर्वी दोघांशी बोलावे. डॉक्टरांना तपाचा प्रकार, दिवस आणि पाण्याचे नियम आधी सांगावेत. ते टीएसएच तपासून मात्रेची मांडणी बदलून देऊ शकतात. चुकलेल्या गोळ्या आपल्याच मनाने एकदम घेऊ नयेत, विशेषतः हृदयाचा त्रास असल्यास. आणि गुरुमहाराजांना आजार स्पष्ट सांगावा. पच्चक्खाणात आगार ठेवण्याची परंपरा आहेच. त्यांतील सर्वसमाधिप्रत्यय हा आगार व्याधीमुळे चित्ताची समाधी ढळू लागल्यास औषधाची मुभा देतो. कोणत्या तपात काय चालेल, हे आपण घरी बसून ठरवण्यापेक्षा गुरुमुखातून समजून घ्यावे. आजार लपवून घेतलेले पच्चक्खाण मनाला शांतता देत नाही.

आणखी एक व्यावहारिक सूचना. दीर्घ उपवासात निरोगी शरीरही काटकसर म्हणून टी-३ कमी करते. त्यामुळे पारण्यानंतर लगेच केलेल्या तपासणीचे आकडे दिशाभूल करू शकतात. आहार पूर्ववत होऊन आणि गोळी नियमित सुरू होऊन सहा आठवडे झाल्यावर तपासणी करावी. आणि पारण्याच्या दिवसापासून गोळी सुरू झाली की नाही, हे घरातील एका व्यक्तीने जबाबदारीने पाहावे. पारण्याच्या यादीत मुगाच्या पाण्याबरोबर ही गोळीही लिहिलेली असावी.

सूनबाई आणि बाळ

गर्भवती स्त्रीच्या बाबतीत कोणतीही सवलत नाही. गर्भातील बाळाची ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांत स्वतः काम करू लागलेली नसते. त्याच्या मेंदूची घडण तोवर आईच्या थायरॉक्सिनवर होते. त्यामुळे आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. मात्रा बहुधा पाव ते तीस टक्क्यांनी वाढवावी लागते. 'पोटात बाळ आहे, औषधे नकोत' असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा हेतू प्रेमाचाच असतो, पण येथे गोळी बंद करणे हेच बाळासाठी घातक आहे. या काळात उपवासांविषयीही आग्रह नसावा.

बाळ जन्मल्यावर त्याच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन थायरॉईडची तपासणी करता येते. जन्मतः ग्रंथी नसलेली किंवा दुबळी असलेली बालके बहुधा पहिल्या दिवसांत निरोगीच दिसतात. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाला तर मूल इतर मुलांसारखेच वाढते. महिनोन् महिने उशीर झाला तर बुद्धीची हानी भरून येत नाही. प्रसूतिगृहात ही तपासणी होते का, हे आजी-आजोबांनी आवर्जून विचारावे. बारशाच्या खर्चापुढे तिचा खर्च किरकोळ असतो.

पथ्याचे गैरसमज

कोबी, फ्लॉवर, मुळा यांनी थायरॉईड बिघडतो असे सांगितले जाते. आयोडीन पुरेसे असलेल्या माणसाने शिजवलेला कोबी नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने काही होत नाही. यांतील काही भाज्या आपल्याकडे जीवदयेच्या विचाराने वर्ज्य आहेत. तो विचार स्वतंत्र आहे आणि त्याला वैद्यकाचा आधार शोधण्याची गरज नाही. सोयाबीन पूर्ण सोडण्याचेही कारण नाही, फक्त गोळीच्या वेळेपासून ते दूर असावे. धण्याचे पाणी, कंठाची आसने, प्राणायाम यांनी उत्साह वाटत असेल तर ते जरूर करावे, परंतु निकामी झालेली ग्रंथी त्यांनी पुन्हा काम करू लागत नाही. गोळीच्या जागी त्यांना बसवू नये.

त्या श्राविकेची गोळी कार्तिकात पुन्हा सुरू झाली. चैत्री ओळीच्या वेळी तिने डॉक्टर आणि महाराजसाहेब दोघांना विचारून नऊ आयंबिले केली. गोळी रोज घेतली. त्या नऊ दिवसांत सासूबाईंनी एक नवा नेम धरला. सकाळी नवकारशी पारायची वेळ झाली की उकळलेल्या पाण्याची वाटी आणि गोळी त्या स्वतःच सुनेपुढे ठेवत. "आळस म्हणत होते मी तुला," एवढेच त्या एकदा म्हणाल्या. सूनबाई काही बोलल्या नाहीत, गोळी घेतली आणि सामायिकाला बसल्या.

धर्मात प्रमाद टाळण्यास सांगितले आहे. आजारी माणसाच्या थकव्याला प्रमाद म्हणण्याची घाई करणे हाही एक प्रमादच आहे. घरात कोणी विनाकारण थकत असेल, थंडीने आखडत असेल, विसरत असेल, गप्प राहू लागले असेल, तर उपदेशापूर्वी एक रक्ततपासणी करून घ्यावी. आणि ज्यांच्या नशिबी ही लहानशी पांढरी गोळी आली आहे, त्यांनी ती न चुकता घ्यावी. रोज एकाच वेळी, सावधपणे केलेली ही छोटी कृती हाही अप्रमादाचाच अभ्यास होय.